धाकट्याच्या कोनाड्यातल्या सत्तावीस करवंट्या

इस्रायलमध्ये जुनं म्हणवून घेणं ही काही सोपी गोष्ट नाही. संडासाचा खड्डा खणायला घ्यावा, तर खाली रोमन सरदाराचं न्हाणीघर निघतं आणि संडास पाच वर्षं लांबतो. सतराशे सालानंतर बांधलेलं काही असलं, तर पुराणवस्तूंचा कायदा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मग एकोणीसशे चौतीस साली इंग्रजांनी बांधलेल्या बुटक्या दीपगृहाला कोण विचारतो? ते जुनं नव्हतं, नुसतं मोडकळीला आलेलं होतं.

तेल-दायाग हे अश्केलोनच्या उत्तरेचं मासेमारीचं बारकं बंदर. तिथे दीपगृहं मात्र दोन. टेकाडावरचा थोरला आणि धक्क्याच्या टोकाचा धाकटा. थोरला उंच, पांढराशुभ्र, कॅलेंडरवर छापावा असा. लग्न झालेली जोडपी तिथे फोटो काढायला येत, म्हणून नगरपालिका त्याला दर तीन वर्षांनी रंग देत असे. धाकटा ठेंगणा, जाडा, खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरलेला. जमीन कुठे आहे ते थोरला सांगे आणि आत शिरायचं कुठून ते धाकटा सांगे. पण आत शिरायचं कुठून याचा फोटो चांगला येत नाही. त्यामुळे नगरपालिकेने शौकिनांच्या बोटींसाठी बंदराचं तोंड रुंद करायचं ठरवलं, तेव्हा धाकट्याला पाडायचा ठराव चहा येण्याआधीच मंजूर झाला.

हा ठराव ज्यांच्या जिव्हारी लागला ते अबाजी थळकर. वय चौऱ्याहत्तर. जन्म थळच्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरातला, म्हणजे लहानपणी अंगणातून खांदेरीच्या दीपगृहाची बत्ती बघत वाढलेले. पुढे मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायचं काम केलं. चोपन्न साली आगबोटीतून या देशात उतरले, तेव्हा इथल्या कारकुनाने विचारलं, "काय येतं?" मराठी खिळे जुळवता येतात, असं सांगून पोट भरणार नव्हतं. अबाजी म्हणाले, "माझा मामा खांदेरीच्या बत्तीवर होता." हे खरंच होतं. मामा तिथे स्वयंपाकी होता, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात त्यांना तेल-दायागच्या दोन्ही दिव्यांचं काम मिळालं आणि छत्तीस वर्षं त्यांनी ते चोख केलं. नव्वद साली दिवे आपोआप लागू लागले आणि अबाजी घरी बसले. धाकट्याची किल्ली परत मागायचं कुणाला सुचलं नाही, आणि ती द्यायचं अबाजींनाही सुचलं नाही.

त्या किल्लीचं खरं काम वर्षातून एकदाच असे. त्याची गोष्ट बहात्तरच्या जानेवारीतली. त्यांचा मुलगा यित्झाक तेव्हा सतरा वर्षांचा, आईबापाला न सांगता एका मच्छीमाराबरोबर मजेखातर समुद्रावर गेला. दुपारी वारा फिरला. लाटा धक्क्यावरून पलीकडे जाऊ लागल्या, वीज गेली आणि धाकटा विझला. अबाजींनी जुना रॉकेलचा कंदील शोधून काढला, वर चढले आणि काचेभोवती दोन्ही हात धरून पाच तास उभे राहिले. खाली धक्क्यावर त्यांची बायको शुलामित भिजत उभी होती. तिने तिथेच आपल्या एलियाहू प्रेषिताला नवस बोलला, "एलियाहू हानावी, माझा पोर सुखरूप येऊ दे. दर साली तुझ्या दिवशी ह्याच बत्तीत मलिदा करीन, दिवा माझ्या हातानं लावीन."

सगळ्यांत शेवटी यित्झाकची बोट आली. अबाजी खाली उतरले, पोराच्या एक कानफटात दिली आणि म्हणाले, "जेवलास का?" बस्स. त्यानंतर त्या प्रसंगाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. शुलामितने ही गोष्ट सत्तावीस वर्षं विसरू दिली नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ती तिथवर जाऊन पोचायची. "बाप आहात की दगड? पोर मरणाच्या दारातून आलं नि डोळ्याला टिपूस नाही!" अबाजी पेपर वर धरायचे. यित्झाक आता चव्वेचाळीस वर्षांचा, टकला, अरादच्या कारखान्यात कामाला. समुद्रापासून इतक्या लांब वाळवंटात राहायला का गेला, हे त्याला कुणी विचारत नसे.

नवस मात्र एकदाही चुकला नाही. दर वर्षी तू बिश्वातला, झाडांच्या सणाच्या दिवशी, दोघं धाकट्यात जात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, पाच फळं असा मलिदा. आईने रेवदंड्याहून दिलेला पितळी दिवा शुलामित स्वतः लावी. नारळाची करवंटी देवाची, ती कचऱ्यात कशी टाकायची? ती कोनाड्यात राही. अशा सत्तावीस करवंट्या जमल्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात अबाजी आणि शुलामित नातवाच्या तेराव्या वर्षीच्या बार मित्झ्वा विधीसाठी महिनाभर अरादला गेले, आणि नेमके त्याच महिन्यात डॉक्टर एरेझ धाकट्याचं कुलूप तोडून आत शिरले.

डॉक्टर एरेझ औषधाचे नव्हते, इतिहासाचे होते. पाडायच्या आधी इमारतीचं टिपण करून ठेवावं लागतं, म्हणून पालिकेने त्यांना पाठवलं होतं. त्यांनी आत पाहिलं तो कोनाड्यात पितळी दिवा, काजळीने काळी पडलेली भिंत, फटीत अडकलेले चपटे दाणे, करवंट्यांची चवड आणि गिलाव्यावर खिळ्याने कोरलेली अनोळखी लिपी. खाऱ्या वाऱ्यात पितळेच्या वीस वर्षांची दोनशे व्हायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे वही काढली. हिंदी महासागरातले खलाशी! इथे, या बारक्या बंदरात!

आता इंग्रजांच्या इमारतीत इंग्रजांच्या आधीचे खलाशी कसे आले, हा प्रश्न कुणीतरी विचारलाच. डॉक्टर म्हणाले, इंग्रजांनी हे दीपगृह जुन्या तुर्की पायावर बांधलेलं असावं. पहिल्या बैठकीत 'असावं' होतं, दुसरीत 'बहुधा' झालं आणि तिसरीत पाटी रंगवून तयार होती. करवंट्या प्रयोगशाळेत पाठवायच्या ठरल्या होत्या, पण ते काम कोणत्या खात्याचं यावर एकमत झालं नाही. सत्तावीस करवंट्या म्हणजे सत्तावीस सफरी, असा लेखही डॉक्टरांनी लिहून टाकला.

अबाजी अरादहून परतले तर धाकट्याभोवती पिवळी फीत, दाराला नवं कुलूप आणि आत डॉक्टर गुडघ्यांवर बसून पोह्याचा दाणा चिमट्याने उचलताहेत.

"डॉक्टर," अबाजी हिब्रूत म्हणाले, "समजा, हा दिवा माझ्या बायकोचा असला तर?"

डॉक्टर खळखळून हसले. "मग काय, अबाजी! रविवारी यंत्रं येतील आणि संध्याकाळपर्यंत इथे दगडसुद्धा उरणार नाही. या दिव्यामुळेच तर ठराव फिरला. का विचारलंत?"

"सहज," अबाजी म्हणाले आणि खिशातली जुनी किल्ली मुठीत घट्ट धरून घरी आले.

खरं बोलावं तर धाकटा जातो, आणि गप्प बसावं तर धाकटा राहतो पण आपल्याला दार बंद. अबाजींना इकडे आड तिकडे विहीर झालं. शुलामितला यात अडचण दिसेना.

"त्यात काय वांधा? ऑफिसात जा नि सांगा, माझा दिवा द्या."

"अगं, सांगितलं तर बत्ती पाडतील."

"नि नाही सांगितलं तर मी नवस कुठं फेडू? किचनात? एलियाहू हानावीला काय नवा अ‍ॅड्रेस कळवू?" तिने खोबरं किसायची विळी दाणकन खाली ठेवली. "ह्या सालचा मलिदा त्या बत्तीत झाला नाही, तर माझ्या पोराला काय झालं तर ते तुमच्या डोक्यावर. मी सांगून ठेवते."

आपला चव्वेचाळीस वर्षांचा पोर अरादच्या वाळवंटात बुडणार कसा, हे अबाजींनी विचारलं नाही. खरं म्हणजे नवस चुकायची भीती त्यांनाही वाटत होती. ती कबूल करायची सवय नव्हती, एवढंच.

घरात आणखी एक माणूस होतं ज्याला हे माहीत असायला हवं होतं. यित्झाकची मुलगी रोतेम, वय तेवीस, पालिकेच्या वारसा विभागात तात्पुरत्या कामावर होती आणि आजीआजोबांकडे राहायची. म्हातारी मराठीत बोलत आणि ती हिब्रूत उत्तरं देई; आजोबांना 'सबा' म्हणे, आजीला 'सवता'. तिला मराठीतलं 'जेव' आणि 'झोप' एवढंच कळतं, असं अबाजींचं मत होतं. लहानपणी दोनतीनदा ती मलिद्याला आली होती, पण फळं खाऊन झोपून गेलेली. धाकट्याच्या पाटीवरचा मजकूर तिनेच टाईप केला होता: 'भारतीय खलाशांचा दिवा, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचा'.

"रोतेम," अबाजींनी एकदा चाचरत विचारलं, "तो दिवा तू ओळखलास का गं?"

"कुठला दिवा, सबा?" ती हिब्रूत म्हणाली. तिने त्यांच्या डोळ्यांना डोळा भिडवला आणि पुन्हा टोस्टला लोणी लावू लागली. पोरगी साफ विसरली, असं अबाजींनी मनाशी धरलं.

उद्घाटन नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, नेमकं तू बिश्वातलाच ठरलं. त्या दिवशी नगराध्यक्ष सकाळी झाड लावतातच, तेव्हा एकाच इस्त्रीच्या शर्टात दोन्ही कामं उरकतील असा हिशेब होता. आणि एक दिवस रोतेमने छापील निमंत्रण आणलं. 'भारतीय समाजाचे प्रतिनिधी' म्हणून श्री. व सौ. थळकर यांना बोलावणं होतं. सोबत एक फेटा होता. पुरिम सणाच्या सोंगांच्या दुकानातून आणलेला, पुढे लाल काचेचा खडा.

"हा मी घालू?" अबाजी म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांत कुणी खडा लावला नाही."

"डॉक्टर एरेझ म्हणतात की अस्सल वाटेल," रोतेम हिब्रूत म्हणाली. "आणि सवताला सांगा, ताट आणायचं असेल तर आणू दे. कार्यक्रमात 'पारंपरिक अल्पोपाहार' लिहिलंय मी."

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. थोरल्याच्या टेकाडापासून धक्क्याच्या टोकापर्यंत पताका लागल्या होत्या. धाकट्याला असा गुळगुळीत गिलावा दिला होता की छत्तीस वर्षं सांभाळणाऱ्या माणसालाही तो ओळखू येईना. लिपीचा तुकडा तेवढा काचेखाली राखला होता. काजळी पुसून गेल्याचं शेवटच्या दिवशी लक्षात आलं, म्हणून रंगाऱ्याकडून ती पुन्हा काढून घेतली होती. पितळी दिवा काचेच्या पेटीत होता आणि त्यात फडफडणारा विजेचा बल्ब बसवला होता.

शुलामित मलिद्याचं ताट धरून उभी होती. ती बल्बकडे बघत होती. "मेल्यांनी बल्ब घातला," ती पुटपुटली. "आईच्या दिव्यात बल्ब." अबाजींना तिच्याकडे बघवेना. सहा महिने आपण काही बोललो नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली. वर फेट्याखाली डोकं खाजत होतं.

नगराध्यक्षांचं भाषण झालं. डॉक्टरांचं त्याहून मोठं झालं. लिपीवर आले तेव्हा डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "ही अक्षरं वाचणारा एकच तज्ज्ञ आहे, परदेशात, आणि त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या मते ही समुद्रदेवाची प्रार्थना आहे."

"पण आपल्याकडे अस्सल भारतीय आहेत ना!" नगराध्यक्ष उत्साहाने म्हणाले आणि त्यांनी अबाजींच्या हातात माईक दिला. "वाचा बघू, आजोबा! तुमचीच नात भाषांतर करेल."

आता ही अक्षरं कुणाची, हे वाचकाच्या लक्षात आलं असेलच. थळच्या शाळेत मास्तरांनी छड्या मारून अबाजींना मोडी शिकवली होती. बत्तीवर बसून कंटाळा आला की ते खिळ्याने भिंतीवर दोन ओळी ओढत. 'वारा नैर्ऋत्येचा.' 'आज डब्यात पुन्हा दुधी.' शुलामितला मोडी येत नव्हती, मुलींना ती कोण शिकवतो? त्यामुळे भिंतीवर आपल्या स्वयंपाकाची निंदानालस्ती आहे, अशी तिची पक्की समजूत होती आणि ती बरीचशी खरीही होती.

पण रंगाऱ्याने काचेखाली नेमका जो तुकडा राखला होता, तो दुधीचा नव्हता. बहात्तर सालच्या त्या संध्याकाळी, पोराला कानफटात देऊन झाल्यावर अबाजी कंदील विझवायचं निमित्त करून पुन्हा वर गेले होते. तेव्हा लिहिलेल्या त्या तीन ओळी होत्या.

काहीतरी ठोकून द्यावं, हे सोपं होतं. हे समुद्रदेवा, आमचं रक्षण कर. टाळ्या पडल्या असत्या, धाकटा राहिला असता, दुपारी घरी जाऊन झोपता आलं असतं. पण पाच पावलांवर शुलामित ताट धरून उभी होती. तिच्या नवसाच्या जागी उभं राहून, तिच्या देवाच्या दिवशी खोटं बोलायचं? अबाजींनी फेटा काढून काखेत मारला, चष्मा लावला आणि जे लिहिलं होतं ते मराठीत वाचलं.

"यित्झाक आला."

शुलामितने मान वर केली.

"मी फार रडलो," अबाजी वाचत होते. आवाज फुटला तरी ते थांबले नाहीत. "शुलाला सांगू नये."

 घरच्यांखेरीज मराठी समजणारं तिथे कुणी नव्हतं, पण म्हाताऱ्याचे ओठ थरथरताना सगळ्यांना दिसले. आता आपल्या बापाचं नाव तरी रोतेमला कळलं असणार, ती नावगाव सांगणार आणि उद्या यंत्रं येणार, असं अबाजींच्या मनात आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

रोतेमने माईक घेतला. "मुलगा समुद्रावरून परत आला," ती स्वच्छ हिब्रूत म्हणाली. "दिवा राखणारा त्याचा बाप इथे बसून फार रडला. आणि त्याने लिहून ठेवलं की बायकोला हे सांगायचं नाही."

एक शब्द खोटा नव्हता. कधी, कोण, एवढंच तिने सांगितलं नाही. गर्दीतल्या बायकांनी डोळे पुसले. डॉक्टर एरेझ वही काढून भराभर लिहू लागले. "त्या काळच्या खलाशांमध्ये भावना लपवण्याची प्रथा होती," ते नगराध्यक्षांच्या कानात म्हणाले. "आता ती नष्ट झाली आहे."

रोतेम थांबली नव्हती. "आणि आता, मूळ पद्धतीप्रमाणे, त्या आईच्या नावाने दिवा लावण्याचा विधी." मग ती वळली आणि सगळ्या गावासमोर, जन्मात पहिल्यांदा मराठीत म्हणाली, "आजी, चल. तुझा दिवा लाव."

शुलामितने ताट नगराध्यक्षांच्या हातात दिलं, कारण तेच जवळ उभे होते. पेटीची काच उचलली. पहारेकरी पुढे आला, पण विधी म्हटल्यावर तोही थबकला. तिने बल्ब उपटून डॉक्टरांकडे दिला, पर्समधून तेलाची बाटली आणि वात काढली आणि काडी ओढली. दिवा लागला. तिने एलियाहू हानावीचं नाव घेतलं, नारळ फोडला, खोबरं काढलं आणि करवंटी कोनाड्यात चवडीवर ठेवली. नगराध्यक्षांनी ताटातला मलिदा चाखला आणि दोनदा घेतला.

"वात डावीकडे असायला हवी होती," डॉक्टर हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी करवंट्या अठ्ठावीस भरल्या. पाटीवर सत्तावीस असल्यामुळे समितीची तातडीची बैठक बोलावण्यात आली आणि पूर्वीची मोजणी चुकल्याचं एकमताने नोंदवून पाटी बदलण्यात आली. 'विधी' लोकांना आवडला, म्हणून तो दर वर्षी करायचंही ठरलं. तेव्हापासून तेल-दायागची पाटी दर वर्षी नव्याने रंगवली जाते. धाकटा जागेवर आहे.

त्या दुपारी धक्क्यावरून परत येताना शुलामित रिकामं ताट घेऊन भराभर पुढे चालली होती. अबाजी काखेतला फेटा सांभाळत दोन पावलं मागून चालत होते. बोलणी खायची त्यांची तयारी होती. घराच्या जिन्याशी ती थांबली आणि वळली.

"सत्तावीस वर्षं," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं मला दगड म्हणू दिलंत."

अबाजींनी चष्मा काढला. तिने पदराच्या टोकाने त्यांच्या चष्म्याची काच पुसली, चष्मा त्यांच्या नाकावर परत बसवला आणि म्हणाली, "जेवलात का?"